भयाचे काळे फासे आणि चार खेळाडूंची मतं: फाशांची पद्धत (मेकॅनिक) बदलायची की दुरुस्त करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या फोंड्याचा पाच जणांचा गट, टेबलावरचे भूमिका-खेळ खेळणारा: प्रत्येकाचं एक पात्र, आणि ते काय करू शकतं हे फासे ठरवतात. दोन वर्षं डी-२० वर, म्हणजे वीसपैलू फाशावर, खेळलेला. त्यांच्या जीएमने (गोष्ट चालवणारा गेम-मास्टर) आता स्वतःचा भयाचा खेळ बांधलाय: खाजनशेती (खाडीकाठी बांध घालून राखलेली शेती), बांध, मानशी (बांधातलं पाण्याचं दार), आणि लोकसमजुतीतले देवचार, राखणदार. फासे सगळे सहापैलू. पात्राचा गुण (बळासारखा) अधिक कौशल्य मिळून जितका आकडा, तितके पांढरे फासे टाकायचे. एक जरी ६ पडला तरी काम झालं. अंगावर काटा येईल असं काही घडलं की जीएम पात्राला एक काळा फासा देतो. तो पुढच्या प्रत्येक टाकीत पांढऱ्यांबरोबर पडतो. त्यावर ६ आला तर तोही यशात धरायचा, १ आला तर पात्राचा स्वतःवरचा ताबा सुटतो. दोन सेशन झाली. एका खेळाडूला प्रचंड आवडलं. एक म्हणते, फासे मोजण्यातच रात्र जाते. एक म्हणतो, माझ्या स्किलला किंमत नाही, सगळं नशीबच. चौथा काही बोलतच नाही. मूळ नियमातलं ‘पुश’, म्हणजे अपयशी दान पुन्हा टाकायची सोय, वेळ वाचवायला काढून टाकलीय. तर परत डी-२० वर जावं का? आणि काळ्या फाशांच्या जागी कवड्या चालतील का?

माझं उत्तर: डी-२० वर जाऊ नका, पुश परत आणा. ‘वेळ लागतो’ आणि ‘नशीबच सगळं’ या दोन तक्रारींतली दुसरी तुम्ही पुश काढल्यामुळे तयार झाली आहे. पहिलीचा इलाज फाशांच्या संख्येत नाही, ते टाकायच्या आणि वाचायच्या पद्धतीत आहे. कवड्यांचं शेवटी बोलू.

आता यातलं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधीच कबूल करतो. सेशन अडीच तासांचं असेल तर एक हिशेब, सहा तासांचं असेल तर दुसरा. गटाला खरंच भीती हवी आहे की देवचाराशी दोन हात करायचे आहेत, यावर तर सगळंच फिरतं. दोन हात करायचे असतील तर हे काळे फासे मुळात चुकीच्या खेळात आलेत. तुमच्या वर्णनावरून भीतीच हवी आहे असं धरून पुढे जातो.

खेळाडू फाशाविषयी मत देतो तेव्हा तो तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात कोंबतो. हवं ते दान पडायची शक्यता किती, पडलेलं दान वाचायला वेळ किती, आणि दान पडल्यावर गोष्टीत नेमकं बदललं काय. ‘हे फासे बेकार आहेत’ हे वाक्य तिन्ही कारणांनी येऊ शकतं. म्हणून मत ऐकलं की लगेच नियम बदलू नये. आधी ते यातलं कोणतं आहे ते शोधावं. विचारायची सोपी पद्धत: ‘आवडलं का?’ असं विचारू नका. ‘कालच्या कुठल्या टाकीला वैताग आला?’ असं विचारा. माणूस एका ठरावीक प्रसंगावर बोट ठेवतो आणि कारण आपोआप बाहेर येतं.

स्किलला किंमत नाही म्हणणाऱ्यापासून सुरुवात करू, कारण त्याचं म्हणणं आकड्यांनी खरं आहे. फक्त ६ ला यश धरलं तर एका फाशाने १७ टक्के, दोनांनी ३१, तीनांनी ४२, चारांनी ५२, पाचांनी ६० आणि सहांनी ६७ टक्के शक्यता मिळते. तुमच्याकडची पात्रं सरासरी चार फासे टाकतात, म्हणजे प्रत्येक काम निम्म्या वेळा फसतं. शिवाय फासे वाढतात तशी प्रत्येक नव्या फाशाची किंमत घसरते: एकावरून दोनावर जाताना १४ टक्के मिळाले, पाचावरून सहावर जाताना सातच्या आत. डी-२० ला सवयलेला माणूस मनात धरून बसलेला असतो की +१ म्हणजे ५ टक्के, मधल्या आकड्यांत कुठेही. तिथे निपुण माणूस ७०–७५ टक्क्यांच्या आसपास खेळतो. तोच माणूस तुमच्या टेबलावर येऊन ५२ वर पडला, तर तो नशिबालाच बोल लावणार.

पण हे गणित असं मुद्दाम ठेवलेलं आहे. ६ ला यश आणि पुन्हा टाकायची सोय ही जोडी ‘फ्री लीग’ या प्रकाशकांच्या खेळांतून सगळीकडे पोचली. २०१४ चा ‘म्युटंट : इयर झीरो’ आणि ताणाचे वेगळे फासे आणणारा २०१९ चा ‘एलियन’ ही तिची ठळक उदाहरणं. तिथे पहिलं दान अर्धवटच राहावं अशी रचना आहे. मेकॅनिकचा दुसरा अर्धा भाग पुशमध्ये आहे. अपयश आलं की खेळाडूच ठरवतो: सोडून द्यायचं, की एक काळा फासा अंगावर घेऊन ६ न पडलेले सगळे फासे पुन्हा टाकायचे? आकडे बघा. चार पांढरे, पहिल्या दानात ५२ टक्के. पुश केल्यावर चार पांढरे अधिक एक नवा काळा, असे पाच फासे पुन्हा पडतात. दोन्ही संधी धरल्या तर यशाची शक्यता ८१ टक्क्यांच्या जवळ जाते. तुमच्या निपुण खेळाडूला हवा असलेला आकडा तिथे आहे. फक्त तो फुकट मिळत नाही.

आणि तुमच्या सध्याच्या नियमात काळा फासा देतं कोण? जीएम. खेळाडूने काहीच निवडलं नाही, तरी त्याच्या हातात संकट आलं. अशा वेळी तो ‘नशीब’ म्हणणारच. तोच फासा त्याने स्वतः हात पुढे करून घेतला की १ पडल्यावर तो टेबलावर हात आपटतो, पण तक्रार करत नाही. वेगळ्या धाटणीच्या कोणत्याही फाशाला मी एकच कसोटी लावतो: त्याच्यामुळे खेळाडूच्या हातात एखादा निर्णय आला का? आला असेल तर जास्तीची मोजदाद परवडते. नसेल तर तो फासा नुसता दागिना.

एक प्रसंग सावकाश घेऊ. रात्र, भरती चढतेय. मानशीची लाकडी दारं भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात, हे तुमच्या खेळाडूंना सांगायला नकोच. आज दारात ओंडका अडकलाय. दार मिटलं नाही तर खारं पाणी भातात शिरणार आणि पीक गेलं. बाबलो नावाचं पात्र कंबरभर पाण्यात उतरून ओंडका ओढतंय. बळ २, कौशल्य २, काळा फासा एकही नाही. दान पडलं: २, ५, ३, १. सहा नाही.

तुमच्या आजच्या नियमाप्रमाणे इथे संपलं. ओंडका हलला नाही, पुढचा कोण प्रयत्न करणार? मग दुसरा खेळाडू टाकतो, मग तिसरा. ‘मोजण्यात रात्र जाते’ ही तक्रार याच ठिकाणी जन्माला येते, पण ते पुढे.

पुश असेल तर जीएम विचारतो, ‘पुन्हा ओढतोस?’ ‘ओढतो’ म्हटलं तर आधी किंमत सांगायची: खारफुटीतून कोणीतरी बाबलोला हाक मारतंय, आवाज गेल्या वर्षी बुडालेल्या भावाचा. काळा फासा टेबलावर सरकवायचा. आता पाच फासे: पांढऱ्यांवर ४, ६, २, ३, काळ्यावर १. ओंडका सुटला, दार धाडकन मिटलं, भात वाचलं. आणि बाबलो हाकेच्या दिशेने चिखल तुडवत अंधारात निघून गेला. यश आणि ताबा सुटणं एकाच दानात. हे डी-२० वर होत नाही असं नाही, पण तिथे ते जीएमला डोक्यातून काढावं लागतं. इथे ते फाशांवर लिहूनच पडतं.

दोन बारकावे राहिले. हाक आधी ऐकवायची, फासा नंतर द्यायचा. उलट केलं की काळा फासा नुसता दंड वाटतो. आणि काळ्यावर १ आलेल्या दानाला पुन्हा टाकायची परवानगी द्यायची नाही. ताबा सुटला की सुटला.

हाच प्रसंग २ डी-६ वाल्या पद्धतीत घ्या, कारण कोणीतरी तुम्हाला ते सुचवणारच. २०१० च्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’पासून पसरलेली ही पद्धत: दोन फाशांची बेरीज अधिक गुण, १० किंवा वर म्हणजे निखळ यश, ७ ते ९ म्हणजे यश पण किंमत मोजून, ६ किंवा खाली म्हणजे संकट. गुण शून्य असेल तर निखळ यश फक्त १७ टक्के, बाकीचे दोन्ही ४२–४२. वाचायला झटपट, आणि प्रत्येक दान गोष्ट पुढे ढकलतं. या पद्धतीविषयी सर्वात जास्त ऐकू येणारं खेळाडूंचं मत म्हणजे, ‘मधलं यश म्हणजे अपयशच की!’ तसं झालं तर बहुतेक वेळा चूक जीएमची असते. ७ ते ९ मध्ये खेळाडूने मागितलेली गोष्ट त्याला पूर्ण द्यायची असते. किंमत दुसऱ्या खिशातून घ्यायची. ‘ओंडका निघाला, पण पुन्हा अडकला’ ही किंमत होत नाही, ते यश परत घेणं झालं. ‘ओंडका निघाला, पण कंदील पाण्यात गेला’ ही किंमत. आणि डी-२० च्या सवयीने +४, +५ चे गुण इकडे आणू नका. दोन फाशांच्या बेरजेत मधल्या पट्ट्यात एक +१ सतरा टक्क्यांपर्यंत फरक पाडतो. +३ ला फक्त ८ टक्के संकट उरतं आणि खेळ गुळमुळीत होतो.

तुमच्या खेळाला ही पद्धत वाईट नाही. पण चढत जाणारी भीती तिच्यात दिसत नाही. हातात साचत गेलेले काळे फासे दिसतात. तेवढ्यासाठी मी पूलच, म्हणजे मूठभर फासे एकदम टाकायची पद्धतच, ठेवेन.

आता मोजण्यात रात्र जाते म्हणणारी. तिला खोटं ठरवू नका, पण तिचं म्हणणं आधी मोजा. एका सेशनला फोनवरचं घड्याळ घेऊन वीस टाकींचा वेळ लिहा, दोन भागांत: फासे उचलल्यापासून ‘झालं’ किंवा ‘नाही’ म्हणेपर्यंत, आणि तिथून पुढचं पात्र बोलायला लागेपर्यंत. पहिला भाग दहा सेकंदांच्या आत असेल तर फासे निर्दोष आहेत. वेळ दुसऱ्या भागात जातोय, म्हणजे ‘मग आता काय होतं’ हे जीएमला सुचेपर्यंत. तो जीएमच्या तयारीचा प्रश्न. फासे बदलून सुटत नाही.

पहिला भागच लांबत असेल तर इलाज सोपे आहेत. दान पडलं की आधी काळे बघायचे. त्यात १ असेल तर तेच मोठ्याने म्हणायचं. मग फक्त ६ स्वतःकडे ओढायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही. पुश करायचा झाला तर ते तिथेच तयार असतात. बेरीज कुठेच नाही, त्यामुळे चार फासे वाचायला एक डी-२० आणि दोन मॉडिफायर (वर मिळवायचे-वजा करायचे आकडे) यांच्या बेरजेपेक्षा कमी वेळ लागायला हवा. पूल दहाच्या वर जाऊ देऊ नका. फासे फार झाले की डोळा एका नजरेत ओळखत नाही, मोजायला लागतो. कठीणपणासाठी फासे कमी-जास्त करा, पण यशाचा आकडा कधी ६, कधी ५, कधी ४ असा फिरवू नका. १९९१ च्या ‘व्हॅम्पायर’मध्ये (तिथे फासे दहापैलू) फाशांची संख्याही बदलायची आणि लक्ष्य आकडाही, त्यामुळे आपली शक्यता किती हे टेबलावर कोणालाच सांगता यायचं नाही. २००४ मध्ये त्याच घराण्यातल्या ‘वर्ल्ड ऑफ डार्कनेस’च्या नव्या रूपाने लक्ष्य ८ वर कायमचं बांधून टाकलं.

पण तिच्या तक्रारीचं खरं मूळ मला दुसरीकडे दिसतं. एका कामाला तीन-चार जणांनी टाकणं, एकाच पाठलागात पाच वेळा टाकणं. लपूनछपून जायचंय, पाच पात्रं, प्रत्येकाची शक्यता ७० टक्के, आणि एक जरी फसला तरी सगळे सापडणार. तर सगळे सुटायची शक्यता १७ टक्के. एकच पात्र ८० टक्क्यांनी पाच वेळा टाकतंय, तरी पाचही जमायची शक्यता ३३. फासा डी-२० असो, कवडी असो की नाणं, हे गणित बदलत नाही. खेळाडूला मात्र वाटतं, हे नवे फासे आपल्यावर रुसलेत. नियम करा: एका अडचणीला एक दान. इतरांना मदत करायची तर प्रत्येकी एक पांढरा फासा मुख्य माणसाला द्यायचा, जास्तीत जास्त तीन, आणि मदत करणाराही संकटात धरला जाणार. तेवढ्याने टाकींची संख्या खाली येते, आणि पुशला लागणारा वेळ तिथूनच वसूल होतो. तुम्ही वेळ वाचवायला पुश काढलं. काढायच्या होत्या या फुकटच्या टाकी.

ज्याला खूप आवडलं त्याच्या मतावरही आत्ताच विसंबू नका. पहिल्या दोन सेशनमध्ये नवे फासे सगळ्यांनाच आवडतात. फुटणारे फासे घ्या: सगळ्यात वरचा आकडा पडला की पुन्हा टाकून बेरीज करत जायची. ‘सॅव्हेज वर्ल्ड्स’ मध्ये टेबल यावर जिवंत होतं, आणि सहापैलूवर सलग दोन ६ पडून १२ च्या पुढे जाणं ३६ वेळा एकदाच होतं, तरी महिनाभर त्याच दानाची गोष्ट सांगतात. त्याच पद्धतीत एक गंमतशीर खाच आहे. लक्ष्य ६ असेल तर चारपैलू फासा सहापैलूपेक्षा सरस ठरतो: डी-४ वर १८.७५ टक्के, डी-६ वर १६.६७. तिथे कौशल्याबरोबर फासा मोठा होतो, म्हणजे कमी कुशल माणूस किंचित वरचढ. टेबलावर हा फरक कोणाला जाणवतही नाही. पण जीएमच्या बाजूचे सगळे भुतंखेतं मिळून खेळाडूंपेक्षा जास्त वेळा टाकतात, आणि फुटणारा फासा जास्त वेळा टाकणाऱ्याच्याच हातात जास्त वेळा फुटतो. देवचार मेला तर पुढच्या आठवड्यात दुसरा आणता येतो. खेळाडूचं पात्र मेलं की मेलं. आवडीच्या मतात हा हिशेब नसतो.

चिन्हांच्या फाशांचंही तसंच. ‘जेनेसिस’ मध्ये हिरवे, पिवळे, निळे आपले आणि जांभळे, लाल, काळे अडचणीचे. यश-अपयश एकमेकांना कापतात, ॲडव्हांटेज (फायदा) आणि थ्रेट (धोका) वेगळे कापतात. पहिल्या तासाला सगळे चिन्हांत गुंततात, मग ‘या तीन ॲडव्हांटेजचं करू काय?’ म्हणून गाडी अडते. तिथे चार-पाच ठरलेल्या खर्चांचा कागद प्रत्येकासमोर ठेवला की सुटते. ‘फेट’ या खेळाचे फासे तर घरी होतात: साध्या फाशावर १–२ म्हणजे उणे, ३–४ कोरे, ५–६ अधिक. चार फाशांची बेरीज ६३ टक्के वेळा −१ ते +१ मध्येच पडते, म्हणून ज्याला नशीब नको त्याला ते आवडतात आणि ज्याला थरार हवा त्याला ते मिळमिळीत वाटतात. ‘डन्जन क्रॉल क्लासिक्स’ या खेळाचे डी-७, डी-१४, डी-२४ वगैरे विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका. डी-२४ म्हणजे डी-१२ आणि शेजारी एक डी-६, त्यावर ४ ते ६ आला की १२ मिळवा. डी-७ हवा तर डी-८ टाका, ८ आला तर पुन्हा. लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचून खेळायचा ‘ड्रेड’ भीतीला सगळ्यांत अस्सल, पण मे महिन्यात पंखा बंद ठेवायची तयारी असेल तरच.

तुमच्या काळ्या फाशांकडे परत येतो, कारण खरा धोका तिथे आहे आणि तो अजून तुमच्या कोणी खेळाडूने पकडलेला नाही. काळ्यावरचा ६ पण यश देतो. चार पांढऱ्यांना दोन काळे जोडले तर यश ५२ वरून ६७ टक्क्यांवर, आणि १ पडायची शक्यता ३१. तीन काळे: यश ७२, ताबा सुटणं ४२. चार काळे: यश ७७, ताबा सुटणं ५२. आता ताबा सुटल्यावर तुमच्याकडे होतं काय? ‘एक फेरी थरथरत उभं राहणं’ एवढंच असेल, तर हिशेबी खेळाडू तिसऱ्या सेशनला मुद्दाम भीती गोळा करत फिरेल. घाबरलेली पात्रं जास्त यशस्वी, असा उफराटा खेळ होईल. जुन्या ‘व्हॅम्पायर’मध्ये अशीच खोट होती: १ चे आकडे यश खायचे आणि यशांपेक्षा १ चे आकडे जास्त पडले की घोर फजिती. लक्ष्य १० असताना एका फाशाने फजितीची शक्यता १० टक्के, दोन फाशांनी १७. हात कसलेला, म्हणून फजिती जास्त! रचना करताना प्रत्येक नियमाला हा प्रश्न विचारायचा: फासे वाढल्यावर वाईट होतंय ते आपल्याला हवं म्हणून होतंय, की नकळत?

तुमच्या बाबतीत ताबा सुटण्याला दात हवेत, आणि काळे फासे कमी करायची वाटही हवी. माझा प्रस्ताव: पाचच्या वर काळे नाहीत, सहावा घ्यायची वेळ आली तर फासा न टाकता ताबा सुटला. दिवा लागलेल्या घरात रात्र काढली की एक काळा परत. राखणदाराच्या जागी रोट-सोरो (भाकर आणि दारूचा मान) ठेवला की दोन परत, पण तिथवर रात्री चालत जावं लागेल. म्हणजे भीती उतरवणं हीही एक निवड झाली. आणि जीएमने स्वतः काळे वाटणं अगदी बंद नाही, पण रात्रीत एक-दोनदाच, देवचार प्रत्यक्ष समोर आला तर. बाकीचे सगळे पुशमधून येऊ देत.

पुश आल्यावरही तो स्किलवाला तक्रार करतच राहिला तर दुसरा उपाय आहे: ५ आणि ६ दोन्ही यश धरा, साध्या कामाला एक यश, कठीण कामाला दोन. चार फाशांनी एक यश ८० टक्के, दोन यशं ४१ टक्के. कठीण कामातच कौशल्य उठून दिसतं: तीन फाशांनी २६, सहा फाशांनी ६५. पण मग पुश ठेवू नका, दोन्ही एकत्र केलं तर कोणी कधी फसणारच नाही. मला स्वतःला भीतीच्या खेळात पहिला मार्ग बरा वाटतो.

चौथा गप्प आहे त्याला विचारत बसू नका, त्याच्या टाकी मोजा. पुढच्या सेशनला प्रत्येकाच्या नावापुढे तीन रेघोट्यांचे रकाने करा: किती वेळा टाकलं, किती वेळा पुश करायची संधी आली, किती वेळा केलं. गप्प माणसाच्या नावापुढे दोनच टाकी निघाल्या तर त्याला फाशांविषयी मतच नाही, त्याच्यापर्यंत खेळ पोचलेला नाही. संधी आठ आणि पुश शून्य असेल तर त्याला काळ्या फाशाची धास्ती आहे किंवा नियम नीट कळलेला नाही. एकदा त्याच्याच पात्राच्या अडचणीवर दान आणा आणि पुशची किंमत टाकायच्या आधी पूर्ण शब्दांत सांगा. मतं मात्र तिसऱ्या सेशननंतरच गोळा करा, आणि एकेकट्याकडून. चौघांना एकत्र विचारलं की जो पहिला बोलतो त्याचंच मत चौघांचं होतं.

फाशांचं सामान फार लागत नाही. एका वेळी एकच जण टाकतो, तेव्हा टेबलाला मिळून दहा पांढरे आणि पाच काळे पुरेत. स्टेशनरीच्या दुकानातले लुडोचे फासे चालतात, फक्त सगळे एकाच मापाचे घ्या. काळ्यांवरचे ठिपके फिकट नकोत. बाल्कांवात (घरापुढच्या बैठकीच्या ओट्यावर) बसून खेळताना पावसाळ्यात लाईट गेली की काळ्यावरचा १ आणि २ यात वाद होतो. रंग नीट न ओळखणारा कोणी असेल तर काळे मोठ्या मापाचे घ्या. ताटात कापड अंथरून त्यात टाका. ताटाबाहेर गेलेला किंवा कलंडून टेकलेला फासा पुन्हा टाकायचा, हे खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवा, १ पडल्यावर नव्हे. एखादा फासा खोटा वाटला तर ६० वेळा टाका. प्रत्येक आकडा दहाच्या आसपास यावा. प्रत्येकाचा दहापासूनचा फरक घ्या, त्याचा वर्ग करा, दहाने भागा, सहांची बेरीज करा. बेरीज ११ च्या वर गेली तर फासा बाजूला ठेवून आणखी ६० टाकी घ्या. तेव्हाही वर गेली तर फेकून द्या.

आता कवड्या. काळ्या फाशाच्या जागी सरळ कवडी बसत नाही, कारण फाशाला इथे तीन निकाल हवेत (६, १ आणि मधले काहीच नाही) आणि कवडीला दोनच आहेत, उताणी किंवा पालथी. पण ताबा किती सुटला हे ठरवायला कवड्यांसारखं काही नाही. काळ्यावर १ आला की हातात जितके काळे फासे, तितक्या कवड्या टाकायच्या आणि तोंड वर असलेल्या मोजायच्या. शून्य म्हणजे अंगावर शहारा, पण सावरलं. एक म्हणजे हातातलं सुटतं. दोन म्हणजे पळ. तीन म्हणजे हाकेमागे चालत जाणं. चार-पाचसाठी काय ते तुम्ही ठरवा, पण ते पात्र सकाळपर्यंत गटाबाहेर गेलं पाहिजे. यात भीती साचत गेली की निकालही आपोआप गडद होतो, वेगळा तक्ता चाळावा लागत नाही.

कवडी म्हणजे नाणं नव्हे, एवढं लक्षात ठेवा. निम्म्या वेळा उताणी पडेल असं धरलं तर तीन कवड्यांत एकही तोंड वर नाही असं १२.५ टक्के वेळा होईल आणि तिन्ही वर असंही तितकंच. पण तुमच्या कवड्या ४० टक्केच वेळा उताण्या पडत असतील, तर एकही वर नाही हे २२ टक्क्यांवर जातं आणि तिन्ही वर फक्त ६ टक्के. म्हणजे तुम्ही लिहिलेला सगळ्यात भयंकर निकाल जवळजवळ कधीच येणार नाही. प्रत्येक कवडी शंभर वेळा टाकून उताणी किती वेळा पडली ते लिहा, साधारण सारख्या निघतील त्या पाच ठेवा, आणि निकाल त्या आकड्याप्रमाणे वर-खाली सरकवा. चटईवर आणि फरशीवर वेगळे आकडे येऊ शकतात, तेव्हा जिथे खेळायला बसणार तिथेच टाकून बघा.